सगळ्यांची बेरीज पंचवीसच कशी?

लघुशोधप्रबंध जमा करायला दहा दिवस उरले असताना एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, अल्फा वजा येतोय. एसपीएसएस बिघडलंय का?"

एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर; ते सहसा बिघडत नाही. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, वजा आला की बहुतेक वेळा नकारार्थी विधानं उलटवायची राहिलेली असतात. तिने वापरलेली रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनी (1965) दहा विधानांची. त्यातली 2, 5, 6, 8 आणि 9 नकारार्थी. 'पूर्ण सहमत'ला 4 आणि 'पूर्ण असहमत'ला 1 धरलं, तर या पाचांसाठी 5 मधून मिळालेला गुण वजा करायचा. नोंद 0 ते 3 अशी असेल तर 3 मधून.

"पण मी उलटवलंय की!" ती खोटं बोलत नव्हती.

अल्फा सोडून मी बेरजेचा रकाना उघडला. पल्ला 10 ते 40 चा, आणि जवळजवळ सगळे 23 ते 27 मध्ये. तिला तो आलेख सुबक वाटला होता. पण उलटवलं नसेल तर होकारार्थी पाचांना 4-4 देणारा नकारार्थी पाचांना 1-1 देतो: 20 अधिक 5. स्वतःला कस्पटासमान मानणाऱ्याचे 5 अधिक 20. दोघेही पंचवीस!

मग कागदी फॉर्मचा गठ्ठा काढला. फॉर्म 17, दुसरं विधान: खूण 'पूर्ण असहमत'वर, फाइलमध्ये 1. तिथे 4 हवा होता. तिने रिकोड (म्हणजे गुण उलटवणं) त्याच रकान्यात केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी, झालं की नाही या शंकेने, पुन्हा एकदा. दोनदा उलटवलं की मूळ आकडा परत. नवा रकाना करावा, मूळ फाइलला हात लावू नये, हे आम्ही शिकवतो म्हणे. परीक्षेत मात्र सूत्र विचारतो. फाइल कोण बघतं?

दुरुस्तीनंतर अल्फा 0.76. फक्त आठवं विधान बाकीच्यांशी जुळेना. ते काढलं तर 0.80. "काढू ना?"

तिचं भाषांतर होतं: 'स्वतःचा अधिक आदर करता यावा अशी माझी इच्छा आहे.' हा तर चांगला संकल्प झाला! इतर भाषांतही हे विधान त्रास देतं. तिने उलट-भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत) केलं होतं, तेही बरोबर जुळलं होतं. त्यात शब्द तपासले जातात. वाचणारा काय समजतो हे कळायला आधी पाच-सहा जणांना 'हे तुमच्या शब्दांत सांगा' म्हणावं लागतं. ते राहून गेलं होतं.

मी विधान ठेवायला लावलं आणि दोन्ही अल्फा लिहायला सांगितले. नऊ विधानांची बेरीज इतर संशोधकांच्या दहाशी कशी ताडणार? तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमकं विचारलं, "काढलं का नाही?" तिने माझं उत्तर दिलं. मला ते अजून पुरेसं पटलेलं नाही. फॉर्म 17 वर आठव्या विधानापुढे 'पूर्ण सहमत' आहे, आणि बाकीच्या नऊ विधानांत तो माणूस स्वतःवर अगदी खूश आहे.