गुडघ्यातला उतार

शनिवार, रात्री उशिरा

आमचा कुत्रा भैरू मागच्या उजव्या पायाने लंगडतो, एवढ्यावर घरात एकमत होतं. दुखतंय कुठे, ह्यावर नव्हतं. ह्यांचं म्हणणं कंबर, शेजारच्या काकूंचं म्हणणं काटा, माझं म्हणणं खुबा. अण्णांचं म्हणणं, कुणाची तरी नजर लागलीय. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि पुण्याच्या हाडांच्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी दिली. फक्त जनावरांची हाडं बघणारा डॉक्टर असतो, हे काही अण्णांना पटेना. "आमच्या वेळी बैलाचा पाय मोडला की कामट्या बांधायच्या आणि देवाला हात जोडायचे."

ह्यांना रजा नव्हती म्हणून गाडी मी चालवली. अण्णा मागे, त्यांच्या मांडीवर भैरूचं डोकं. अण्णांशिवाय हा लॅब्रेडॉर गाडीत टिकत नाही. शिरवळ आलं तसं मागून आवाज आला, "जनावरांचं कॉलेज तर इथंच आहे की, मग पुण्याला कशाला?" आमचे डॉक्टर त्याच कॉलेजात शिकलेत आणि त्यांनीच पुण्याला पाठवलंय, हे सांगितल्यावर खेड-शिवापूर कधी येतं, ह्याच गप्पा उरल्या.

सर्जन चाळिशीचे असतील. मला वाटलं होतं, उचलून टेबलावर ठेवतील आणि पाय ओढतील. त्यांनी भैरूला हातही लावला नाही. बाहेरच्या गल्लीत त्याला चालवायला सांगितलं, अण्णांच्या हातात दोरी दिली आणि स्वतः मागे उकिडवे बसून मोबाइलवर चित्रण करत राहिले. मग बाजूने, मग समोरून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर झटकतो. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा वर उचलला जातो. चित्रण सावकाश चालवून त्यांनी मला ते दाखवलं. इतके दिवस मी रोज बघत होते, पण एवढं कधी दिसलं नव्हतं. परत येताना त्यांनी सहज विचारलं, "आजोबा, तुमचा डावा गुडघा का?" अण्णा काही बोलले नाहीत. साताऱ्यातल्या माणसांच्या हाडांच्या डॉक्टरकडे आम्ही त्यांना अजून नेऊ शकलेलो नाही.

मग भैरूला "बस" म्हटलं. तो बसला, उजवा पाय बाजूला फेकून.

"तो असाच बसतो," अण्णा म्हणाले, "लाडात."

"लाडात नाही, आजोबा. गुडघा पूर्ण दुमडला की दुखतं, म्हणून."

अण्णांचा चेहरा पडला. लाडाचा म्हणून ज्या बसण्याचं घरात कौतुक चालायचं, ते दुखणं निघालं.

टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या, उजवी बारीक भरली. पाय वापरातच नाही, तर स्नायू कशाला राहील. नंतर गुंगीचं इंजेक्शन देऊन खरी तपासणी झाली, कारण जागं असताना कुत्रा भीतीने आणि दुखण्याने स्नायू इतके आवळून धरतो की सांध्यातला ढिलेपणा लपतो. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नडगीचं, आणि नडगी पुढे ओढली. सरकली. हिला ड्रॉवर टेस्ट म्हणतात. निरोगी मोठ्या कुत्र्यात ते हाड असं पुढे येत नाही. ही दोन हाडं गुडघ्यात बांधून धरणारा आतला पट्टा, क्रुशिएट लिगामेंट, तुटलाय.

मी म्हटलं, परवा अंगणातल्या कट्ट्यावरून उडी मारली, त्याने झालं असेल. डॉक्टर म्हणाले, ती शेवटची ओढ. कबड्डीत खेळाडूचा लिगामेंट फाटकन जातो, कुत्र्याचा बहुतेक वेळा महिनोन्‌महिने धाग्याधाग्याने झिजत असतो. म्हणूनच एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा पुढेमागे दुसराही जातो. हे ऐकून मी खुर्चीत जरा मागे टेकले.

एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. सांध्यातली सूज दिसते, आणि दिसतो तो उतार. इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. नडगीच्या हाडाचा माथा कुत्र्यात सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा ओढल्या, मधला कोन मोजला. २७ अंश. नववीच्या वर्गात कोनमापक कशाला लागतो असं विचारणारी पोरं समोर हवी होती.

प्रत्येक पावलाला वजन पडलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं. लिगामेंट त्याला अडवून धरतो. माणसात दुसऱ्या जागचा पट्टा काढून नवा लिगामेंट बसवतात, मोठ्या कुत्र्यात तसं केलेलं फारसं टिकत नाही, कारण उतार तसाच राहतो. लहान चणीच्या कुत्र्यांना बाहेरून जाड नायलॉनचा टाका घालून भागतं. ३८ किलोच्या भैरूसाठी त्यांनी वेगळं सुचवलं. तुटलेला लिगामेंट जोडायचाच नाही. गोल पात्याच्या करवतीने नडगीचा वरचा भाग कापायचा, फिरवायचा आणि उतार ५ अंशांच्या आसपास आणून पट्टी आणि स्क्रूंनी पक्का करायचा. ओरेगनच्या बार्कले स्लोकम ह्या पशुशल्यचिकित्सकाने १९९३ मध्ये ही पद्धत मांडली. टीपीएलओ म्हणतात तिला.

चांगलं हाड कापायचं? मला कळून वळत नव्हतं. अण्णांना मात्र डॉक्टरांच्या आधी कळलं. "म्हणजे बैलगाडी उतारावर उभी आहे," ते म्हणाले, "आणि चाकाखालची उटी निसटलीय. नवी उटी कुठवर लावणार? जमीनच सपाट करायची." डॉक्टर मोठ्याने हसले आणि म्हणाले, हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार.

पुढचं बोलणं मात्र हसण्याचं नव्हतं. खर्च लाखाच्या घरात जातो. हाड जुळायला दोनएक महिने. तोवर धावणं नाही, उडी नाही, जिना नाही, शूसाठीसुद्धा दोरी लावूनच बाहेर. "घरात फरशी कसली?" हा प्रश्न मला भारी आवडला. गुळगुळीत टाइल्स आहेत म्हटल्यावर वाटेवर सगळीकडे रबरी चटया टाका म्हणाले. घरातली दुखण्याची गोळी दिलीत का, हेही विचारलं. अण्णांच्या गोळ्यांचं पाकीट कायम फ्रिजवर असतं, पण दिली नव्हती. माणसांच्या अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध तर जनावरांसाठी आपल्याकडे २००६ पासून बंद आहे, मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडंच संपत आली म्हणून.

आणि वजन. सहा किलो कमी. डॉक्टर अण्णांकडे बघूनच बोलले, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. सकाळची तूप लावलेली चपाती बंद, संध्याकाळची बंद, आणि "मधली" पण बंद. मधली चपाती असते हे मला आज कळलं.

परतताना अण्णा बराच वेळ गप्प होते. घाट चढून आल्यावर म्हणाले, पैशांचं बघू, माझी ठेव ह्या महिन्यात सुटतेय. मी म्हटलं, अण्णा, ती तुमच्या गुडघ्यासाठी ठेवलीय. "मी सांगू शकतो ना दुखतंय ते. हा लाडात बसतो." ह्यावर काय बोलणार. रात्री ह्यांच्याशी बोलून ठरवलं, ठेवीला हात लावायचा नाही, सोसायटीचं कर्ज काढू. आणि अण्णांचा एक्स-रेही ह्याच महिन्यात, ओढून न्यावं लागलं तरी.

गुरुवारची तारीख घेतलीय. उद्या चटया आणायच्या. आदल्या रात्रीपासून भैरूला उपाशी ठेवायचंय. ते अण्णांना कोण सांगणार, हा प्रश्न ह्यांच्यावर सोडून मी झोपते.