बूट घेताना आधी उलटा करून बघा

दुकानात बूट हातात आला की बहुतेकांचा अंगठा चामड्यावर फिरतो. चकाकी बघतात, शिलाई बघतात, आत हात घालून अस्तर चाचपतात. पण कामाचा बूट चामड्याने क्वचितच जातो. त्याचा सोल फुटतो, सुटतो नाहीतर घासून गुळगुळीत होतो, आणि वरचं चामडं शाबूत असताना बूट भंगारात पडतो. म्हणून बूट आधी उलटा करा आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, ‘सोल कशाचा आहे?’ उत्तर ‘एक नंबर माल आहे साहेब’ असं आलं तर पुढच्या दुकानात जा.

पीव्हीसीचा सोल स्वस्त असतो. तो जड असतो, ओल्या फरशीवर घसरतो, थंडीत कडक होतो आणि चवड्याच्या वळणावर त्याला आडवी चीर पडते. महिना-दोन महिन्यांच्या कामापुरता ठीक. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हलका आणि पायाला सुखाचा. आपल्याकडच्या एमआयडीसीत दिसणारे बहुतेक सेफ्टी शूज याच सोलचे. ‘डबल डेन्सिटी’ लिहिलेलं असेल तर आतला थर मऊ आणि जमिनीला लागणारा थर कडक असतो. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहणाऱ्याने हाच घ्यावा.

पीयूचा वैरी मात्र ओलावा. हवेतल्या दमटपणाने पीयू आतून तुटत जातो (याला हायड्रोलिसिस म्हणतात) आणि एक दिवस चालता चालता सोलचा भुगा होतो. बूट वापरलाच नाही, खोक्यात जपून ठेवला, तरीही हे होतं. कोकणात आणि मुंबईत लवकर होतं. त्यामुळे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा बूट घेताना उत्पादनाची तारीख बघायचीच. प्रमाणित सेफ्टी शूजवर ती छापलेली असते. जिभेच्या आतल्या बाजूला किंवा सोलवर शोधा. तीन वर्षांहून जुना पीयू सोल फुकट मिळाला तरच घ्यावा, आणि तोही परांचीवर घालून चढू नये.

तिसरा प्रकार नायट्राइल रबराचा. जड आणि महाग, पण तेल, डिझेल आणि उष्णता सोसतो. ‘एचआरओ’ अशी खूण असलेला सोल ३०० अंश सेल्सिअसच्या तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकतो की नाही हे तपासलेलं असतं. वेल्डिंग, फाउंड्री, रस्त्याचं डांबरीकरण यांना दुसरा पर्यायच नाही. पीयू अशा ठिकाणी वितळतो आणि लोखंडाचा गरम चुरा त्यात रुतून बसतो.

आता खाचा. चिखलासाठी खाचा खोल, किमान ४ मिलिमीटर, आणि रुंद हव्यात, नाहीतर माती अडकून सोल सपाट होतो आणि दोन-दोन किलोचे पाय ओढत चालावं लागतं. पण हाच सोल पावसाळ्यात सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या कातळावर घात करतो, कारण खाचांमधल्या उंच ठोकळ्यांची टोकं तेवढी दगडाला टेकतात. ओल्या कातळाला मऊ रबर आणि रुंद, पसरट ठोकळे लागतात. सोलवर नख दाबून बघा. किंचित रुतलं तर रबर मऊ आहे. ते लवकर झिजेल, पण धरून ठेवेल. चिखल आणि कातळ दोन्हींत सारखा चालणारा सोल आम्हाला तरी माहीत नाही. जास्त वेळ जिथे जातो, त्याप्रमाणे निवडा.

मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर आत शँक, म्हणजे तळव्याच्या कमानीखालची पट्टी, नाही असं समजा. शिडीच्या दांड्यावर तासभर उभं राहिलं की तळवा बोंबलतो. वाकवतानाच सोल आणि चामड्याच्या सांध्याकडे बघा. नुसता चिकटवलेला सोल पुढच्या टोकाशी आधी तोंड उघडतो. ओतीव सोलमध्ये पीयू थेट चामड्यावर ओतलेला असतो. तो सहसा सुटत नाही, पण झिजल्यावर मोचीकडे बदलून मिळत नाही. वेल्ट शिलाईचा, म्हणजे कडेच्या पट्टीला सोल शिवलेला बूट महाग पडतो, मात्र त्याचा सोल पुन्हा बसवता येतो.

सेफ्टी शूजवर आयएसआयची खूण आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघा, आणि त्यापुढचा भागही वाचा. भाग २ म्हणजे बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी. साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडण्याइतका. भाग ३ मध्ये हाच आकडा १०० ज्यूल आहे आणि भाग ४ मध्ये टोपीची सक्तीच नाही. तिघांचं बाह्यरूप सारखंच दिसू शकतं. खिळे, सळया, बाभळीचे काटे असतील तर ‘एस१पी’ किंवा ‘एस३’ घ्या, त्यात तळव्याला भेदरोधक थर असतो. टोपीवर एकदा जबर घाव बसला की बूट बाद करायचा, वरून काही दिसत नसलं तरी. वायरमन मंडळींसाठी एक गोष्ट ठळकपणे: ‘अँटिस्टॅटिक’ बूट म्हणजे शॉक न लागणारा बूट नव्हे. तो अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडतो. विजेच्या कामाचा विद्युतरोधक बूट वेगळा असतो आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं.

मापाला लोक पाच मिनिटंही देत नाहीत. माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. कामावर घालणार तेच मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाप्रमाणे नंबर घ्या. आपल्याकडचा ‘८ नंबर’ ब्रिटिश मापाचा. एका नंबरचा फरक जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. लेस न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. मग आतलं इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी बाहेर सांडत असेल तर लांबी बरोबर असूनही बूट अरुंद आहे. अनवाणी वाढलेल्या पायांचे पंजे रुंद असतात, त्यांना हे नेहमी नडतं. शेवटी दुकानातच उकिडवं बसा. लोखंडी टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर टोचली तर तो बूट नको. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याला लागू पडतं, लोखंडाला नाही. फरशी बसवणाऱ्यांना कुरूप होतं ते बरेचदा या कडेमुळेच. बायकांच्या मापांची तर दुकानात बोंबच. ३ किंवा ४ नंबर मागवून घ्यावा लागला तरी चालेल, पण ६ नंबरात दोन मोजे कोंबून काम करू नका. टाच आत उचलली जाते, फोड येतात आणि चिखलात बूट जागीच राहून पाय वर येतो.

ऑनलाइन ‘हंटिंग बूट’ म्हणून जे दिसतं, त्याबद्दलही सांगायला हवं. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पण वनरक्षक, पक्षीनिरीक्षक आणि रात्री पिकाची राखण करणारे शेतकरी ते दणकट म्हणून मागवतात. त्यात ४०० किंवा ८०० ग्रॅमचं इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरणारा थर असतो. तो अमेरिका-कॅनडातल्या बर्फासाठी. विदर्भाच्या मार्चमध्ये त्यात पाय शिजतात. ‘वॉटरप्रूफ’ अस्तराचंही तेच. आपला पाऊस पँटवरून ओघळून वरून बुटात शिरतो आणि मग ते अस्तर पाणी आत धरून ठेवतं. पावसाळी जंगलात कापडी जंगल बूट बरे: भिजतात, पण लवकर वाळतात.

काही कामांना चामडं चालतच नाही. स्लॅब टाकताना ओलं सिमेंट इतकं क्षारयुक्त असतं की ते चामडं कडक करून तडकवतं आणि बुटात शिरलं तर कातडी भाजते. तिथे गमबूटच. फवारणीलाही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा अंगभर संरक्षक कपडे वापरण्याची बरीच चर्चा झाली. बुटांकडे कुणी फारसं बघितलं नाही. चामडं औषध शोषून घेतं आणि ते धुऊन निघत नाही. गमबूट घाला आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवा, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. वेल्डिंगलाही पँट बाहेरच, ठिणग्यांसाठी.

गवत कापताना, पाचटात, बांधावर रात्री पाणी द्यायला जाताना गुडघ्याखालपर्यंतचा, १२ ते १५ इंची गमबूट हवा. घोणस आणि फुरसे बहुधा पावलाला नाहीतर घोट्याजवळ चावतात. भाताच्या लावणीत मात्र गमबूट उपयोगाचा नाही, खोल चिखल तो ओढून घेतो. तिथे पायाच्या जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शिरतात ते अशाच चिरांतून. गमबुटात घाम साचून बोटांत चिखल्या होतात, तेव्हा दुपारी मोजे बदला. रात्री बूट काठीवर उलटा अडकवा आणि सकाळी आपटून मगच पाय घाला. इंगळीला अशी जागा आवडते.

चामडी बूट भिजला की चिखल धुऊन टाका, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवला की चामडं आकसतं आणि चिकटवलेला सोल सुटतो. खोबरेल तेल चोपडायची सवय चुकीची. जास्त तेलाने चामडं लुळं पडतं आणि बुरशी धरते. मेणाचं पॉलिश पुरे.

गमबूट फुटला तर फेकण्याआधी तो कशाचा आहे ते बघा. खऱ्या रबराच्या बुटाला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा नीट बसतो: जागा काचकागदाने घासा, दोन्हीकडे सोल्यूशन लावा, पाच मिनिटं सुकू द्या, मग दाबा. पीव्हीसीला हे सोल्यूशन धरत नाही. त्याला पीव्हीसीचाच तुकडा आणि त्याच मालासाठीचा, लवचीक राहणारा चिकटद्रव लागतो. प्लंबरकडचं पाइपचं सोल्यूशन लावाल तर ते कडक वाळतं आणि घोट्याच्या वळणावर पुन्हा तडकतं.