अल्डाब्रा, अपडेट ७: लगून रात्रीत रिकामं

मंडळी, हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटाचं मॉडेल करतोय, त्याचं लगून, म्हणजे मधलं उथळ सरोवर, रविवारी रात्री साडेअकराला रेझिनने (पाण्यासारखं दिसणारं, सुकून घट्ट होणारं रसायन) भरलं. सोमवारी सकाळी चहा टाकायच्या आधी बघायला गेलो, तर लगून टेबलावर होतं, टेबलाखालच्या वर्तमानपत्रावर होतं आणि माझ्या उजव्या चपलेत होतं. मॉडेलमध्ये तेवढं नव्हतं.

सव्वाशे ग्रॅम रेझिन गेलं, आणि तेही दुसऱ्यांदा. पहिला पोअर (ओतलेलं रेझिन) पश्चिमेकडच्या बारीक खाड्यांतून पळाला होता, ते मागच्या वेळी रडून झालंय. या वेळी चारही तोंडांवर क्लेचे बांध घातले होते, वर सेलोटेप, वर एम-सील. तरीही.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: स्केल १:५०,०००, म्हणजे ३४ किलोमीटरचं हे कंकणद्वीप (लगूनभोवती कड्यासारखं पसरलेलं प्रवाळबेट) ६८ सेंटीमीटरात बसतं. उंची वीसपट ताणली आहे, कारण इथली बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम आठ मीटर वर. न ताणता केलं तर ०.१६ मिलिमीटर, म्हणजे रंगाचे दोन हात. वीसपटीने ३.२ होते आणि तीन मिमी सनबोर्ड (फोमची कडक शीट) अगदी चपखल बसतो. खालच्या बाजूला मात्र हा हिशेब कोसळतो. हा डोंगर समुद्रतळापासून चार हजार मीटरहून अधिक वर आलाय, म्हणजे वीसपटीने दीड मीटरच्या वर खांब. घरात तसा प्रस्तावही मांडलेला नाही. बाहेरचा उतार दोन सेंटीमीटरवर कापून टाकलाय, स्केलचे कट्टर भक्त माफ करतील.

तर गळती. रेझिन खरवडून काढलं आणि निळी शाई टाकलेलं पाणी ओतलं. (हे आधी करायला हवं होतं, बरोबर, सांगू नका.) बांध चारही कोरडे ठणठणीत, आणि पाणी तरी उतरतंय! तासभर टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा पडलो, तेव्हा मॉडेलच्या पायाच्या प्लायच्या कडेतून निळा थेंब आला. भानगड ग्रांद पासमध्ये होती. पिकार आणि पोलिम्नी या बेटांमधली ही मुख्य खाडी खरोखरच सुमारे वीस मीटर खोल आहे, म्हणून मी ती हौसेने आठ मिमी कोरली होती. बारा मिमी प्लायमध्ये आठ मिमी खाली गेलो आणि नेमका आतल्या थरातल्या पोकळीत उतरलो. 'मरीन आहे साहेब, डोळे मिटून घ्या' म्हणून दिलेला प्लाय (मरीन म्हणजे पाण्यात टिकणारा). मी डोळे मिटूनच घेतला. यापुढे प्लाय घेताना चारही कडा बघा, पोकळी दिसली की परत ठेवा. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) जड असतो, पावसाळ्यात फुगतो, पण निदान आतून प्रामाणिक असतो.

गंमत म्हणजे अल्डाब्राचं लगूनही असंच रिकामं होतं, आणि बहुतांश पाणी जातं याच ग्रांद पासमधून. भरती-ओहोटीत जवळजवळ तीन मीटरचा फरक, आणि ओहोटीला लगूनचा सुमारे दोन तृतीयांश तळ उघडा पडतो. खडकही माझ्या प्लायसारखाच, छिद्राछिद्रांचा चुनखडक. हे सगळं सव्वा लाख वर्षांपूर्वीचं प्रवाळ. त्याआधी, सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी, अख्खं बेट बुडालं होतं. तिथला न उडणारा रेल पक्षी तेव्हा संपला. पुढे मादागास्करकडून त्याचे उडणारे भाऊबंद परत आले आणि पुन्हा उडणं विसरले. २०१९ मध्ये जीवाश्मांवरून हे दाखवलं गेलं. माझे तर दोनच पोअर फुकट गेलेत.

एक छोटा विजयही नोंदवतो. ग्रांद तेर या इथल्या सगळ्यांत मोठ्या बेटाचा 'शांपिन्यों', म्हणजे पायाची सालटी काढणारा धारदार खडक, अखेर जमला. सनबोर्डवर थिनरचा ब्रश फिरवायचा, पृष्ठभाग खाल्ला जातो, मग प्रायमर, राखाडी वॉश (पातळ केलेला रंग) आणि पांढरा ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग). दोन दिवस नुसता बघत बसलो होतो. या भूमीवर एक लाखाहून जास्त महाकाय कासवं राहतात आणि १९६० च्या दशकात इथे लष्करी धावपट्टी होणार होती! १९६५ मध्ये ब्रिटिशांनी सेशेल्सपासून तोडून नव्या वसाहतीत घातलेल्या बेटांतलं हे एक. शास्त्रज्ञांनी रान उठवलं, नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, खर्चाला कात्री लागली आणि बेत बारगळला. १९७६ मध्ये बेट सेशेल्सला परत मिळालं, १९८२ मध्ये जागतिक वारसा झालं. त्याच वसाहतीतल्या दिएगो गार्सियावर कासवांच्या जागी माणसं होती, त्यांना मात्र हाकललं. मॉडेल करताना हे डोक्यातून जात नाही.

आता बेत. पोकळी एम-सीलने बुजवून तिसरा पोअर, असं इथपर्यंत लिहीत होतो. पण खरवडलेला तळ समोर आहे आणि खाड्यांच्या तळाशी रेझिनची पातळ, ओली दिसणारी साय उरली आहे. हीच तर ओहोटी! तिसरा पोअर रद्द. लगून रिकामंच ठेवतो, आणि भरतीसाठी वरून काढता-घालता येणारी ॲक्रिलिक शीट करतो. एक मिमी शीट वीसपटीने अडीच मीटर होते, म्हणजे जवळपास अख्खी भरती. हिशेब दोनदा केला, बरोबर आहे. एकच नग लेझरवर कापून देणारा कुणी माहीत असेल तर सांगा, मी विचारलं तिथे किमान दहा घ्या म्हणाले. दहा भरत्यांचं काय करू?

लगूनमधली अळंबीसारखी खडकबेटं खसखशीची करतोय. दाण्यांवर आधी वार्निश मारा, नाहीतर मुंग्या येतात.

आणि ती चप्पल. अल्डाब्राच्या किनाऱ्यावरून २०१९ मध्ये २५ टन कचरा उचलला, त्यात मासेमारीच्या दोरजाळ्यांबरोबर ढिगाने चपला होत्या. माझ्या चपलेच्या निळ्या पट्ट्याचा एक कण ग्रांद तेरच्या दक्षिण किनाऱ्यावर चिकटवणार आहे. स्केलने तो पन्नास मीटर लांब भरतो, कल्पना आहे.