फिल्टर नवा, तरी गाडी बंद

जुनी कार्ब्युरेटरवाली दुचाकी, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) सारखा ओव्हरफ्लो होतो म्हणून माझ्याकडे आली होती. फ्लोटचा बाउल (कार्ब्युरेटरच्या खालची, पेट्रोल साठणारी वाटी) खोलला तर तळाला लालसर गाळ, बोटावर चोळला तर विटेची भुकटी वाटावी असा. बाउल भरला की पेट्रोल अडवायला तिथे एक सुई असते, असला एक कण जरी त्या सुईच्या सीटवर बसला की सुई नीट बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं. मी कार्ब साफ केला, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) आणि कार्बच्या मधे फिल्टर टाकला आणि गाडी दिली.

दुसऱ्याच दिवशी गाडीवाले काका गाडी ढकलत परत. म्हणाले, "गावात झकास चालते रे, पण मोकळ्या रस्त्यावर जरा ताणली की किलोमीटरभरात मरते, दोन मिनिटं थांबलं की परत चालू होते." ते ऐकलं आणि पोटात गोळाच आला, कारण मागून भरधाव गाडी येत असताना ही अशी बंद पडली असती तर काय झालं असतं.

आधी संशय टाकीच्या झाकणावर, त्याचं हवेचं भोक बुजलं तरी अगदी असंच होतं. पण झाकण सैल करून पळवली तरी तेच. मग मीच फुल रेसमधे ताणली, मरताक्षणी क्लच दाबून बाजूला घेतली, कॉक बंद केला, इंजिन गार होऊ दिलं (गरम इंजिनवर पेट्रोल सांडायची घाई कधीच करू नये) आणि बाउलचा ड्रेन स्क्रू सैल केला. चार थेंब! म्हणजे बाउल रिकामा, इंजिन जेवढं ओढतंय तेवढं वरून येतच नाहीये.

कार्बकडचा पाइप काढून बाटलीत सोडला, कॉक चालू केला. फिल्टरमधून धार बारीक, मधेच तुटणारी. फिल्टर काढून पाहिलं तर पेन्सिलीएवढी सलग धार. चूक माझीच होती, मी घातलेला फिल्टर दाट कागदाचा, पंपवाल्या गाडीचा. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पंप 3 बारच्या आसपास दाब देतो, इथे पेट्रोल नुसतं स्वतःच्या वजनाने खाली येतं, टाकी आणि कार्बमधे 20 सेंमी उंची धरली तरी दाब 0.015 बारच्या आतच, म्हणजे 200 पट कमी, तेवढ्यावर तो कागद काय पेट्रोल सोडणार. त्यात फिल्टर बसावा म्हणून मी पाइप लांब ठेवलेला, तो खाली जाऊन परत वर चढत होता आणि त्या वरच्या वळणात हवा अडकलेली.

मग बारीक जाळीचा छोटा फिल्टर घेतला, 6 मिमी पाइपला बसणारा, त्याच्यावरचा पेट्रोलची दिशा दाखवणारा बाण कार्बच्या दिशेला. पाइप कापून असा बसवला की कॉकपासून कार्बपर्यंत सगळा उतारच राहील, सिलिंडरपासून लांब, दोन्ही टोकांना क्लिप.

पण एवढ्यावर मन मानेना, मुळात टाकीतला एवढा गंज कॉकच्या आतल्या जाळीतून सुटलाच कसा? टाकी रिकामी करून कॉक काढला तर जाळी बुडाशी फाटलेली, करंगळीचं नख जाईल एवढी. पहिल्याच दिवशी कॉक काढायला हवा होता मी, नुसता फिल्टर टाकून गाडी द्यायला नको होती. जाळी बदलली, टाकी आतून तीनदा धुतली, सुकवली.

बाटलीत परत धार बघितली, सलग. मग काकांना मागे बसवून त्याच रस्त्यावर नेली, तेवढीच ताणली, या वेळी बरंच लांबपर्यंत. कुठे अडखळली नाही. परत आल्यावर वाकून फिल्टर बघितला, पारदर्शक आहे तो, तळाला दोन-तीन लाल कण येऊन बसले होते. काकांना ते दाखवलं आणि सांगितलं, हे वाढताना दिसले की लगेच गाडी घेऊन या.