सेस्ना १७२: तिन्ही चाकांची बेअरिंग उघडली, कामाची नोंद

विमान सेस्ना १७२एम. मुख्य चाकं क्लीव्हलंड बनावटीची, टायर ६.००-६, नाकाचं चाक ५.००-५. प्रत्येक चाकात दोन याप्रमाणे सहा टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंग उघडली, धुतली, तपासली. पाच पुन्हा वापरात गेली, एक बाद केलं: उजव्या चाकाचं, आतल्या बाजूचं. ते भाराने गेलेलं नाही, पाण्याने गेलं आहे. २,३०० पौंडांच्या विमानाचा भार या बेअरिंगना जड नाही. वर्षातला बहुतेक काळ ती एकाच जागी उभी असतात, आणि खरी झीज तिथेच होते.

म्हणूनच तासांच्या हिशेबावर विसंबू नये. सेस्नाचं सर्व्हिस मॅन्युअल पहिल्या १०० तासांनी आणि नंतर दर ५०० तासांनी ग्रीस बदलायला सांगतं. धूळ, समुद्रकिनारा किंवा भरपूर टॅक्सी (विमान जमिनीवर चाकांवर चालवणं) असेल तर दर १०० तासांनी. वर्षाला साठ तास उडणाऱ्या विमानाला ५०० तास व्हायला आठ वर्षं लागतील. तेवढ्या काळात सीलमधून किती पाणी आत जाईल! जुहूसारख्या समुद्राला खेटलेल्या विमानतळावर तर वार्षिक तपासणीला बेअरिंग उघडावीतच.

अमेरिकेत हे काम खासगी विमानाच्या वैमानिक-मालकाला स्वतः करता येतं. एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांतल्या भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये चाकांच्या बेअरिंगची सफाई आणि ग्रीसिंग प्रतिबंधक देखभालीत धरलेलं आहे. लॉगबुकात कामाचं वर्णन, तारीख, सही, सर्टिफिकेटचा प्रकार आणि क्रमांक लिहायचा. भारतात मात्र काम परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली आणि त्याच्या सहीनेच करावं.

डावं चाक

एका वेळी एकच चाक उचललं, बाकीच्यांना पुढे-मागे ठोकळे. १७२ चा पाय स्प्रिंगच्या पोलादाचा आहे. भार कमी होताच तो आतल्या बाजूला सरकतो आणि जॅक तिरका होऊ लागतो. जॅक थोडा वर, मग नजर, मग पुन्हा थोडा वर, असंच जावं.

ॲक्सलच्या नटला हात लावण्याआधी टायरची हवा पूर्ण सोडली. चाकाचे दोन अर्धे बोल्टांनी जोडलेले असतात. एखादा बोल्ट तुटलेला असेल तर भरलेल्या टायरचा दाब ते अर्धे फेकून देऊ शकतो, आणि नट हाच शेवटचा अडसर असू शकतो. ब्रेकची मागची प्लेट दोन बोल्टांवर आहे. ती काढली की चाक मोकळं होतं. त्यानंतर ब्रेकच्या पेडलला कोणी पाय लावायचा नाही.

चाक टेबलावर घेतलं. बाहेरून आत क्रम असा: स्नॅप रिंग, पत्र्याची रिंग, फेल्टचं सील, पुन्हा पत्र्याची रिंग, मग बेअरिंगचा कोन, म्हणजे रोलर आणि ते धरणारा पिंजरा असलेलं आतलं कडं. स्नॅप रिंग उडते, चष्मा हवाच. कप, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ते बाहेरचं कडं, चाकातच दाबून बसवलेला असतो, तो काढायचं कारण नसेल तर हलवू नये. प्रत्येक कोन चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या डब्यात ठेवला: डावा-आत, डावा-बाहेर. कोन आणि कप एकमेकांशी घासून जुळलेले असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

जुनं ग्रीस आधी कापडाने पुसलं, मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये नायलॉनच्या ब्रशने दोन धुण्या दिल्या. दुसरी स्वच्छ द्रावणात. पेट्रोल नको, आगीचा धोका आहे. तारेचा ब्रश नको, तुटलेली तार रोलरमध्ये अडकते. वाळवायला कमी दाबाची कोरडी हवा, कोन दोन बोटांत घट्ट धरून. हवेच्या झोताने कोन गरगर फिरवायचा मोह होतो; त्या वेगात कोरडा पिंजरा फुटून रोलर गोळीसारखे सुटू शकतात. धुतलेल्या कोनला उघडा हात लावू नये, घामाचे ठसे गंजतात.

या चाकाची दोन्ही बेअरिंग चांगली निघाली. कपावर फिकट राखाडी, एकसारखा पट्टा होता. ती नेहमीची झीज.

उजवं चाक

इथे वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, पोकळीत दोन रंगांचं ग्रीस होतं: लाल, आणि त्याखाली तपकिरी थर. म्हणजे मागच्या वेळी कोन धुतले, पण हब पुसला नाही. एअरोशेल २२ आणि मोबिलग्रीस २८ ही ग्रीस चिकणमातीच्या घट्टकारकाची (तेल घट्ट धरणाऱ्या घटकाची), तर मोबिलचं एव्हिएशन ग्रीस एसएचसी १०० लिथियम कॉम्प्लेक्सचं. या दोन जाती मिसळल्या की ग्रीस पातळ होऊन गळू शकतं. रंगावरून जात ओळखायला जाऊ नये: मोबिलग्रीस २८ आणि एसएचसी १०० दोन्ही लालच आहेत. आधी काय भरलं होतं हे लॉगमध्ये नसेल तर हबसकट सगळं धातूपर्यंत स्वच्छ करावं. इथे तेच केलं.

आतल्या कोनवर दहापट भिंग आणि तिरका दिवा धरला, तेव्हा दिसलं: रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर काळपट आडव्या रेघा, कपावर अगदी समोरच तशाच. रोलर जिथे टेकून उभा होता तिथे पाणी साचून धातू खाल्ला गेला. नख फिरवलं, अडकलं. नख अडकलं की बेअरिंग बाद. अशा रेघेच्या काठापासून पुढे पापुद्रे सुटू लागतात.

इतर खुणाही वाचता यायला हव्यात. रेघांजवळ लालसर-तपकिरी भुकटी असेल तर ती पाण्यापेक्षा उभ्या विमानाच्या थरथरीची खूण. रोलरांच्या जाड टोकावर ओरखडे म्हणजे नट जास्त आवळलेला किंवा ग्रीस कमी. निळसर रंग म्हणजे तापून कडकपणा गेला; त्यावर चर्चा नको, फेकून द्यावं.

पाणी आलं कुठून? फेल्ट वाळून कडक झालं होतं आणि ॲक्सलभोवती फट दिसत होती. शक्यता तीच.

कोन आणि कप जोडीनेच बदलले. क्रमांक कोनच्या तोंडावर कोरलेला असतो: दीड इंची ॲक्सलला टिमकेनचा १३८८९ कोन आणि १३८३६ कप, नाकाच्या सव्वा इंचीला ०८१२५ आणि ०८२३१. तरी आपल्या चाकाच्या पार्ट कॅटलॉगशी जुळवून घ्यावेत. कप काढताना चाकाचा अर्धा भाग ओव्हनमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वर न नेता पंधरा मिनिटं तापवला. कप सरळ बाहेर आला. नवा कप ड्राय आइसमध्ये पंधरा मिनिटं थंड करून, भोकाला झिंक क्रोमेटचा (गंजरोधक लेपाचा) हात देऊन, गरम चाकात ठेवला. हातोडीने ठोकला तर तिरका बसतो आणि ॲल्युमिनियम खरवडतं.

ग्रीस भरणं

एअरोशेल २२ घेतलं, तिन्ही चाकांना तेच. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, कोनचं जाड टोक त्याच्या कडेवर दाबत जायचं. पिंजऱ्याच्या दुसऱ्या, बारीक टोकातून ग्रीसचे धागे बाहेर आले की तेवढा भाग भरला; मग किंचित फिरवून पुढचा. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस रोलरच्या आत पोहोचत नाही. कपावर पातळ थर दिला. हब ठासून भरू नये, जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि सीलमधून ब्रेकच्या डिस्कवर येतं.

फेल्ट सगळे नवे, हलक्या एसएई १० तेलात भिजवून, पिळून. स्नॅप रिंग खाचेत पूर्ण बसली का, हे पेचकसाच्या टोकाने सगळीकडे फिरून पाहिलं.

नट

चाक फिरवत नट आवळला. हलका अडसर जाणवताच जवळच्या खाचेपर्यंत मागे घेतला आणि नट फिरू न देणारी नवी कॉटर पिन घातली. नव्या फेल्टचाही अडसर असतो, तो बेअरिंगचा समजून नट सैल ठेवू नये. म्हणून आधी चाक दहा-वीस वेळा फिरवून फेल्ट बसू दिलं, मग शेवटची जुळणी केली. सैल नटाने डिस्क डगमगते आणि कप ठोकला जातो. घट्ट नटाने रोलरांची जाड टोकं जळतात.

नाकाचं चाक

दोन्ही बेअरिंग ठीक. नाक वर घ्यायला शेपटीच्या बांधणीच्या कड्याला वाळूच्या पिशव्या लावल्या. आडव्या शेपटीवर जोर दिलेला नाही. नट जुळवायची पद्धत तीच. हवा मुख्य चाकांत २९ पीएसआय, नाकात ३१.

ब्रेक जवळजवळ न लावता लांब टॅक्सी केली आणि हब हाताने पाहिले. ब्रेक वापरले असते तर त्याची उष्णता बेअरिंगची वाटली असती. तिन्ही हब सारखेच कोमट. उजव्या चाकाचा कप नवा असल्याने पाच लँडिंगनंतर त्याचा नट पुन्हा तपासायचा आहे.