पीआरपीच्या नळीत नेमके काय असते?

वाकडमधल्या आमच्या सोसायटीत कोणाचेही केस गळू लागले की पहिला आळ टँकरच्या पाण्यावर येतो. मीही दोन वर्षे तोच आळ घेत होतो. नळाला गाळणी बसवून झाली, आंघोळीचे पाणी उकळून गार करून झाले, आणि काही आठवडे तर डोके धुण्यापुरते पाणी सदाशिव पेठेतल्या मावशीकडून कॅनमध्ये भरून आणले. (यावर आईने जे उद्गार काढले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.) जड पाण्याने केस राठ वाटतात हे खरे, परंतु कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकणे आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसू लागणे हे पाण्याचे काम नव्हे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे डीएचटी हे संप्रेरक, आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असलेल्या केशमुळांना हळूहळू आक्रसवते. केसांच्या वाढीचा एरवी काही वर्षांचा असणारा काळ दर फेरीत कमी होत जातो आणि जाड केसांच्या जागी लव उगवू लागते. मामाला टक्कल म्हणून भाच्याला टक्कल, हा आपल्याकडचा ठोकताळा अर्धाच खरा आहे. वडिलांकडचा वाटाही त्यात असतो. माझ्या बाबतीत दोन्हीकडून उदार हस्ते मिळालेले आहे.

या विकारावर वापरात असलेली दोन मुख्य औषधे जुनी आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. डोक्याला लावण्याच्या स्वरूपात त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ च्या अखेरीस आली आणि ती थेट डीएचटीच्या निर्मितीलाच आवर घालते. त्या गोळीच्या चाचण्यांत लैंगिक स्वरूपाच्या तक्रारी ३.८ टक्के पुरुषांनी नोंदवल्या होत्या, तर निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. आकडा लहान असला तरी धास्ती मोठी असते, आणि माझा अंदाज असा की पीआरपीकडे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट एकवटून त्या डोक्यात टोचण्याच्या उपचाराकडे, वळणाऱ्या पुरुषांपैकी पुष्कळजण या धास्तीतूनच वळतात. औषध नको, रसायन नको, आपलेच रक्त आपल्याच डोक्यात. मलाही हे वाक्य ऐकताक्षणी पटले होते.

ज्या पहिल्या क्लिनिकमध्ये मी चौकशी केली, तिथे डॉक्टर भेटण्याआधीच समुपदेशक म्हणवणाऱ्या एका तरुणाने सहा सिटिंगचे पॅकेज, हप्त्यांची सोय आणि ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे शब्द एका दमात सांगून टाकले. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, त्यामुळे सवयीने एवढेच विचारले की, जे द्रव्य तुम्ही टोचणार त्यात प्लेटलेट किती असतात. ‘पाच पट’ असे उत्तर आले. कशाच्या पाच पट, आणि मोजले कोणी, याला उत्तर नव्हते.

हा प्रश्न खोचक वाटेल, पण सगळे प्रकरण त्यातच आहे. पीआरपी हे एका ठरावीक औषधाचे नाव नाही, ती एक कृती आहे. हातातून साधारण पंधरा ते वीस मिलिलिटर रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळीत घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाला जातात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढुरका पातळ थर जमतो. प्लेटलेट वेचायच्या त्या या सीमेवरून. नळी एकदा फिरवायची की दोनदा, किती वेगाने आणि किती मिनिटे, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की वगळायच्या, टोचण्याआधी कॅल्शियम क्लोराइड मिसळायचे की नाही, यांतील प्रत्येक निर्णयाने नळीतला ऐवज बदलतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, आणि उपचारासाठी दहा लाखांच्या आसपास असाव्यात असे बऱ्याच ठिकाणी मानले जाते. म्हणजे ज्याच्या रक्तात दोन लाख आहेत, त्याला पाच पट हवे आणि ज्याच्या रक्तात चार लाख आहेत, त्याला अडीच पटही पुरे. तेव्हा ‘पाच पट’ या शब्दांतून रुग्णाच्या हाती काहीच लागत नाही. आमच्या कारखान्यात साधा बोल्टसुद्धा माप आणि त्यात चालणारा कमी-जास्तपणा लिहिलेल्या ड्रॉइंगशिवाय स्वीकारला जात नाही. इथे मात्र हजारो रुपयांची वस्तू नुसत्या रंगावरून स्वीकारायची असते.

प्लेटलेटमधल्या कणिकांत वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने साठवलेली असतात, जखम भरून येण्यात त्यांचा वाटा असतो, आणि केशमुळांभोवती ती सोडली तर वाढीचा काळ लांबावा, ही यामागची कल्पना आहे. कल्पना पोकळ नाही. ब्राझीलमधील शल्यचिकित्सकांनी २००६ साली वीस पुरुषांवर केलेल्या अभ्यासात, प्रत्यारोपणाआधी प्लेटलेटच्या द्रव्यात बुडवलेली केशमुळे सुमारे १५ टक्के अधिक संख्येने रुजली. आपल्या पुण्यातही, नऱ्ह्याच्या काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचाविकार विभागाने २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने दोन्ही औषधे घेऊनही गुण न आलेल्या अकरा जणांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने चारदा पीआरपी देण्यात आले आणि बारा आठवड्यांनी दर चौरस सेंटिमीटरमागे सरासरी २२ केशपुंजांची वाढ मोजली गेली. गावातलाच अभ्यास म्हणून मी तो अभिमानाने वाचला. पण अकरा माणसे, बारा आठवडे आणि तुलनेला दुसरा गट नाही, एवढ्यावर माझ्या साहेबांनी मला एका पुरवठादारालाही मंजुरी देऊ दिली नसती.

तुलनेचा गट इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण डोक्याच्या त्वचेला सुईने वारंवार टोचणे ही स्वतःच केशमुळांना जाग आणणारी क्रिया ठरू शकते. म्हणून अर्ध्या डोक्याला पीआरपी आणि उरलेल्या अर्ध्याला तितक्याच सुया पण नुसते सलाइन, अशी रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. इटलीत २०१५ साली वीस पुरुषांवर असा अभ्यास झाला. महिन्याच्या अंतराने तीन वेळा टोचल्यानंतर पीआरपीच्या बाजूला केसांची घनता चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४६ ने वाढली, सलाइनच्या बाजूला वाढली नाही. मात्र वर्षभरानंतर चौघांचे केस पुन्हा गळू लागले. उलट इराणमधील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत डोक्यावरच्या पीआरपी आणि सलाइन टोचलेल्या दोन चौकोनांत काहीच फरक आढळला नाही. कोणी खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. दोन्हीकडच्या नळ्यांवर नाव एकच होते, आतले द्रव्य एक असेलच असे नाही.

सुरक्षिततेबद्दल मी आता थोडा निर्धास्त आणि थोडा सावध आहे. रक्त स्वतःचेच असल्याने त्याची ॲलर्जी येण्याचा प्रश्न जवळजवळ नसतो. सुया दुखतात, टाळू दोन दिवस ताणल्यासारखी वाटते, डोके जड होते, क्वचित सूज कपाळावर उतरते. प्लेटलेटची संख्या कमी असणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, डोक्यावर किंवा अंगात संसर्ग असणे, कर्करोग किंवा यकृताचा जुना आजार असणे, अशा वेळी हा उपचार टाळतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात म्हणून आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण ‘आपलेच रक्त’ या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे परत येणारी नळी आपलीच आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात चेहऱ्याला असेच प्लेटलेटचे उपचार देणारे एक केंद्र २०१८ साली बंद करण्यात आले. तिथल्या तपासणीत नावाची चिठ्ठी नसलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी सापडल्या होत्या आणि काही ग्राहकांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. तेव्हापासून माझ्या नळीवर माझे नाव माझ्यासमोर लिहिले जावे, सुई माझ्यासमोर फोडली जावी आणि सेंट्रिफ्यूज मला दिसेल अशा जागी असावे, या तीन बाबतींत मी संकोच सोडला आहे.

अखेर डेक्कनजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी उपचार सुरू केले. त्यांनी आधी रक्ताची साधी तपासणी करवली, पॅकेज हा शब्द काढला नाही, आणि पीआरपी डीएचटीला हात लावत नाही, त्यामुळे मिनॉक्सिडिल सोडायचे नाही, असे बजावले. माझ्या हट्टाखातर त्यांनी तयार द्रव्याचा थेंब प्रयोगशाळेत मोजायला दिला. पहिल्या वेळी नऊ लाख चाळीस हजार, दुसऱ्या वेळी सहा लाख दहा हजार. माणूस तोच, यंत्र तेच, हातही तेच. बाईंना माझ्याइतके आश्चर्य वाटले नाही.

तिसरे सिटिंग ऑगस्टअखेरीस ठरले होते. त्याच आठवड्यात मला डेंगी झाला आणि प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या. डोक्यात सोडायच्या म्हणून ज्या जपत होतो, त्यांची आता अंगातच वानवा. सोसायटीतल्या तीन घरांतून पपईच्या पानांचा रस आला, टँकरवाल्यांना पुन्हा शिव्या बसल्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संख्या दोन लाखांवर गेली, पण नोव्हेंबरमध्ये केस मुठीने गळू लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते, ही तात्पुरती गळ आहे, ती थांबेपर्यंत सुई लावायची नाही, असे बाईंनी सांगितले. दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच उजेडात, केस सारखेच कापून काढलेल्या सात छायाचित्रांतली शेवटची दोन त्यामुळे निकामी झाली आहेत. फेब्रुवारीत पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात करणार आहे.