आमची वाटचाल : मागच्या रांगेतली जास्वंद

"जास्वंदीला बी असतं?" हा प्रश्न आमच्या नर्सरीत आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. अंगणात तीस वर्षं गावठी लाल जास्वंद असलेल्या माणसानंही तिला बोंड धरलेलं सहसा पाहिलेलं नसतं. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी गळतं. रोप हवं असेल तर पावसाळ्यात एक काडी तोडून मातीत खोचायची. धंद्याची पहिली नऊ वर्षं आम्हीही एवढंच केलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला अजून "अगं ए" म्हणूनच हाक मारतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर थेऊर फाट्याच्या पुढे घरचं उसाचं रान होतं. त्यातले वीस गुंठे सासऱ्यांकडून मागून घेतले आणि २०११ साली शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, टाकलं. मातीचं ताई बघणार, वहीचं मी. तुळस, मोगरा, शेवंती आणि लाल जास्वंद एवढाच माल. चतुर्थीला थेऊरच्या चिंतामणीला निघालेली माणसं वाटेत थांबायची आणि भाद्रपदाच्या आधीचे पंधरा दिवस तर जास्वंदीच्या पिशव्या पुरायच्या नाहीत. मोठ्या फुलांची, दोन-तीन रंगांची कलमी जास्वंदही ठेवायचो, पण ती विकत आणून विकलेली. त्यात दलालाचं पोट भरायचं, आमच्या हाती चहापाण्यापुरतं उरायचं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. गिऱ्हाईक नाही, बागकामाच्या ऑर्डरी नाहीत, आणि शेडमध्ये कलमी जास्वंद मात्र अशी फुलली की बघवेना. रोज शे-दीडशे फुलं गळून खतात जायची. ताईंच्या धाकट्यानं शाळेच्या पुस्तकात जास्वंदीच्या फुलाची आकृती शिकली होती. त्यानंच एक दिवस दाखवलं. मधल्या लांब नळीवर पिवळे परागकण, आणि नळीच्या शेंड्याला पाच मऊ गोंडे. एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या गोंड्यांना लावायचे, झालं काम. रंगाचा जुना ब्रश घेऊन दोघी रोज सकाळी कामाला लागलो. दोऱ्याला चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची.

त्या एप्रिल-मेमध्ये साठेक फुलं अशी पराग लावून बांधली. एकही टिकलं नाही. पाच-सहा दिवसांत देठ पिवळा पडून फूल खाली. चाळीस अंशाला टेकलेल्या उन्हात जास्वंद फळ धरत नाही, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग घाई झाली आणि मी ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं. पाकिटावर निळ्या जास्वंदीचा फोटो होता. (तशी आकाशी निळी जास्वंद कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.) बी चार दिवसांत उगवलं, पंधरा दिवसांत वीतभर झालं, आणि आम्ही दोघी हरखून गेलो. सासूबाई एकदा सहज शेडमध्ये आल्या, लालसर देठ आणि पंजासारखी पानं पाहिली, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर अंबाडी!" खोटं म्हणावं तरी कसं? अंबाडी जास्वंदीच्याच कुळातली, बीही दिसायला जवळपास सारखं. त्या आठवड्यात दोनदा अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी झाली. पाकिटाचे पैसे असे वसूल केले.

खरं बी आलं ते थंडीत. दिवाळीनंतर पुन्हा फुलं बांधली आणि त्यातली नऊ बोंडं धरली. हिरवं बोंड पिकून तपकिरी व्हायला अडीच-तीन महिने लागले. ते पाच फाकांनी उकलतं आणि बी खाली सांडतं, म्हणून जुन्या मलमलच्या साडीच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्या. एका बोंडात चार दाणे, दुसऱ्यात तेरा, एक अगदीच फोल. मिळून ४१ बिया. सासूबाईंनी डबीत बघून विचारलं, "एवढ्यासाठी वर्ष घालवलंत?"

बियांचं कवच टणक. नखं कापायच्या कटरनं गोल बाजूला अगदी बारीक टवका काढायचा, टोकदार बाजूला हात लावायचा नाही, कारण अंकुर तिकडून निघतो. मग रात्रभर कोमट पाण्यात. धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरायचं आणि ट्रे उबदार जागी ठेवायचा. पहिलं बी पाचव्या दिवशी वर आलं, शेवटचं सव्वा महिन्यानं. ४१ पैकी २७.

पुढचं सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते. त्या २७ मधल्या कितीतरी रोपांना आम्ही लाडानं मारलं. काही जोमानं वाढत होती, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून ती जगली. जी दोन पानांवर अडकून बसली होती त्यांच्याभोवती आम्ही दिवसभर. मी सकाळी पाणी घालायचे, ताई दुपारी घालायच्या, संध्याकाळी घरातलं कुणीतरी "कोमेजल्यासारखं वाटलं" म्हणून तांब्या रिकामा करायचं. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या खताचं पाणी दिलं. ऊन लागू नये म्हणून दुहेरी जाळी घातली. मोठ्या पिशवीत हातपाय पसरतील म्हणून आठ इंची पिशव्यांत हलवली. एका आठवड्यात अकरा रोपं आडवी झाली. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक, काळपट, आणि वरची पानं अजून हिरवीगार.

हा मर रोग. ओल, सावली आणि कोंदट हवा एकत्र आली की बुरशीला आयतं रान मिळतं. देठ असा चिमटला की ते रोप संपलं, त्यावर औषध मारत बसू नये. शेजारची वाचवायची. त्यानंतर आमच्याकडे रोपांना पाणी फक्त सकाळी आणि तेही ट्रेच्या खालून, परातीत ठेवून. ट्रे जमिनीवर नाही, लोखंडी जाळीवर. कोकोपीटमध्ये पेरणीआधीच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळतो आणि वर वाळूचा पातळ थर देतो, म्हणजे देठाजवळ कोरडं राहतं. जुना टेबल फॅन लावलाय, पानं जेमतेम हलतील इतकाच.

मागे पडलेलं रोप दिसलं की आता खताच्या डब्याला हात लावायचा नाही असा नियम आहे. आधी मुळं बघायची. कपातून गड्डा हलकेच उचलला की कळतं. मुळं पांढरी असतील तर रोपाला काही झालेलं नाही, ते त्याच्या वेळेनं चालेल. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा महिनाभर एक पान फुटत नाही, आणि तेव्हा दिलेलं खत पानांच्या कडा जाळतं. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर सडलेलं कापायचं, कोरड्या मिश्रणात आणि आधीपेक्षा लहान भांड्यात लावायचं. लहान भांड्यात, हे पुन्हा सांगते, कारण मूठभर मुळांना घमेलंभर ओली माती दिली की ती पिऊन संपत नाही. आम्ही टपरीवरचे कागदी चहाचे कप वापरतो, बुडाला तीन भोकं पाडून. तिसरा प्रकार आमच्याच हातचा, हलवताना मूळ वाकडं खोचलं गेलेलं. ते रोप कायम रुसलेलं दिसतं आणि बहुधा सुधारत नाही.

बियांचं कवच टोपीसारखं डोक्यावर अडकून काही रोपं गुदमरतात. त्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा, संध्याकाळी मऊ झालं की चिमट्यानं सोडवायचं. कोरडं असताना ओढलं तर मान तुटते, दोनदा तोडली आहे. अगदी पांढरी उगवणारी रोपंही निघतात. दिसायला सुंदर, पण हरितद्रव्य नाही, बियांतला साठा संपला की जातात. त्यांच्यावर जीव लावू नये.

बोअरच्या पाण्यानं वेगळाच त्रास दिला. आमच्या पट्ट्यातलं पाणी क्षारांचं, बादलीला पांढरा थर बसतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागल्या. मातीत लोह असूनही अशा पाण्यानं मुळांना ते घेता येत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी दोन टाक्यांत साठवायला सुरुवात केली, गरजेला चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारतो. तीन आठवड्यांत नवीन पानं हिरवी येतात. जुनी पिवळी ती पिवळीच राहतात. गिऱ्हाइकाला हे समजावताना माझा घसा बसतो.

उरलेल्या सोळांपैकी नऊ रोपं झपाट्यानं वाढली आणि वर्षाच्या आत फुलली. नऊंपैकी सात फुलं बाजारात रोज दिसतात तशी, एक गढूळ विटकरी, एक बरं. जास्वंदीचं बी आईवर जात नाही, बापावरही जात नाही. शेडच्या अगदी मागच्या रांगेत कागदी कपातली सात बारकी रोपं होती. मी वहीत त्यांच्यापुढे "काढणे" असं लिहिलं होतं. ताईंनी काढली नाहीत. माया वगैरे काही नाही, "कप धुवायला वेळ नाही," म्हणाल्या.

त्यातली चार पुढं मेलीच. एक अजून आहे, गुडघ्याएवढी, फुलत नाही. सहावीचं फूल फिकट गुलाबी, नाव घेण्यासारखं नाही. सातवी सतराव्या महिन्यात, वीतभर उंचीवर फुलली. मधोमध गर्द किरमिजी, मग राखाडी-जांभळी छटा, कडेला सोनेरी चुण्या. फूल झाडापेक्षा मोठं. ताई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "अगं ए, वहीत काय लिहिलंयस ते खोड."

स्वतःच्या मुळांवर ती जेमतेम जगते, आजही. म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गावठी लाल जास्वंदीच्या खुंटावर तिचं पाचर कलम बांधलं, म्हणजे खुंटाला चीर देऊन तिची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवली, वर प्लास्टिकची टोपी. पहिल्या दहांतली तीन जुळली. त्या तिघींना मात्र गावठी मुळांचा जोर मिळाला आणि वर्षभरात कमरेपर्यंत आल्या. आता दरसाल काही कलमं त्यांच्यावरून निघतात आणि घरातच विकली जातात, दलाल नाही.

बियांच्या जास्वंदीवर आमचं घर चालतं असं मात्र कुणी समजू नये. वही माझ्याकडे आहे. वीजबिल, दोन बायकांची मजुरी, शेडनेटचा कागद, सगळं अजून भाद्रपदातली गावठी लालच भागवते. बियांचा कोपरा चार टेबलांचा आहे, पाचवं लावू द्यायला मी तयार नाही. ताई दर दिवाळीला मागतात.

यंदा एकवीस पुरचुंड्या बांधल्या आहेत. मलमलची साडी संपली, म्हणून सासूबाईंनी स्वतःची एक काढून दिली, आणि जाताना विचारून गेल्या की त्या अंबाडीचं बी कुठं ठेवलंय.